नवा हेडलाइट बसवला तरी एक बाजू लागत नाही? तिसरा बल्ब घेण्याआधी हे तपासा

"दाजी, बल्ब पुन्हा गेला." एका पावसाळ्यात मेहुण्याचा हा फोन मला तीनदा आला. बाहेरच्या दुकानातून नवी हेडलाइट असेंब्ली, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्खा दिवा, बसवलेली, त्यातला डावीकडचाच लाइट, दर वेळी नवा बल्ब आणि दर वेळी पंधरा-वीस दिवसांत बंद. तिसऱ्यांदा तो गाडी घेऊन कोल्हापूरला आला तेव्हा "गेलेले" बल्ब मी त्याच्याकडून मागून घेतले आणि बॅटरीला थेट वायर लावून पाहिले. तिन्ही लागले.

मी मेकॅनिक नाही. नोकरीमुळे कोल्हापूर-रत्नागिरी ये-जा असते, आंबा घाट रात्रीही उतरावा लागतो, म्हणून हेडलाइटकडे लक्ष देण्याची सवय लागली. आधी स्वतःची गाडी, मग मेहुण्याची, मग शेजाऱ्यांच्या आणि ऑफिसातल्यांच्या गाड्या असं करत हाच बिघाड इतक्या वेळा काढला आहे की त्याची वाट पाठ झाली आहे. बाहेरचे बल्ब, बाहेरची असेंब्ली, वायरिंग किट, एलईडी असं काहीही बसवलेलं असो, निम्म्याहून जास्त वेळा दोष होल्डरमध्ये, म्हणजे बल्बच्या पिना ज्यात बसतात त्या प्लगमध्ये, नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या परतीच्या वायरीत निघाला. दुकानात मात्र पहिल्यांदा बल्बच बदलून मिळतो, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे.

आधी लक्षण नेमकं ओळखा

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, कुणाला तरी आत बसवून डिपर-अप्पर द्यायला सांगा आणि समोरून पाहा. खालीलपैकी काय दिसतं ते लिहून ठेवा.

- एकच बाजू बंद. असेंब्लीवर थाप मारली किंवा बोनेट आपटलं की लागते, खड्ड्यात पुन्हा जाते. होल्डर सैल आहे, नाहीतर अर्थ.
- दोन्ही लाइट लागतात, पण नवे बल्ब असूनही पिवळट आणि मंद. वाटेत व्होल्टेज गळतंय.
- अप्पर दिला की एक बाजू उजळण्याऐवजी मंदावते, किंवा त्याच बाजूचा पार्किंग लाइट मिणमिणतो. अर्थ खराब असल्याची ही सर्वांत पक्की खूण.
- दोन्ही बाजू एकदम बंद. फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारी डबी) किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच.
- एलईडी लुकलुकतो, किंवा किल्ली फिरवताच न लावता क्षणभर चमकून जातो.
- एलईडी सुरुवातीला लख्ख, वीस मिनिटांनी मंद. गाडी थांबवून थोड्या वेळानं लावला की परत लख्ख.
- डिपर-अप्पर उलटे, किंवा मीटरमधला अप्परचा निळा दिवा लागायचा बंद झाला.
- उजेड भरपूर, पण रस्ता दिसत नाही आणि समोरचे सारखे अप्पर मारतात.
- काचेत आतून पाणी किंवा वाफ.

हात लावण्याआधी

लाइट बंद, किल्ली काढलेली, आणि दहा मिनिटं थांबा. हॅलोजन बल्बची काच हात भाजेल इतकी तापते. त्या काचेला बोट लागू देऊ नका, बल्ब नेहमी पत्र्याच्या कडीला धरा. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसून कोरडं करा.

आणि एक गोष्ट आत्ताच पाहून घ्या. हेडलाइटमागे तळहाताएवढा धातूचा बंद डबा आणि त्यातून जाड वायर बल्बकडे जाताना दिसली, तर तो एचआयडी म्हणजे झेनॉन किट असण्याची शक्यता आहे. लाइट लागताना त्या वायरीत वीस हजार व्होल्टच्या वर झटका जातो. ते उघडायचं नाही, प्लग ओढायचा नाही. गाडी थेट जाणकार इलेक्ट्रिशियनकडे न्या.

१. बल्बची अदलाबदल

पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. बंद बाजूचा बल्ब चालू बाजूला लावा आणि चालूचा बंद बाजूला. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब दोषी. दोष जिथल्या तिथे राहिला तर बल्ब निर्दोष आहे, आणि नवा बल्ब आणून काहीही होणार नाही. माझ्या मेहुण्याचे तीन बल्बांचे पैसे या एका पायरीनं वाचले असते.

एलईडीला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे वायरीवर लटकणारी छोटी डबी, असेल तर ती बल्बासकट बदला. नाहीतर दोष डबीत असतो आणि आपण बल्बला दोष देतो.

बल्ब खरोखर गेला असेल तर फिलामेंट तुटलेलं दिसतं. काच आतून पांढरी दुधाळ झाली असेल तर काचेला चीर जाऊन हवा आत शिरली आहे. दोन्ही बाजूंचे बल्ब महिन्या-दोन महिन्यांनी खरेच तुटत असतील, तर मात्र इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १५ च्या वर दाखवत असेल तर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, रेग्युलेटर बिघडला आहे. ते घरचं काम नाही, आणि लाइटइतकाच बॅटरीलाही त्याचा धोका आहे.

२. फ्यूज

बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज असतात, म्हणून एकच बाजू बंद असली तरी फ्यूज पाहायचाच. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जो होता त्याच आकड्याचा टाका. "१० चा उडतो, २० चा टाकून द्या" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. मोठा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर इतर पंधरा वायरींच्या जुडग्यातून जात असते.

नवा फ्यूज लगेच किंवा दोन दिवसांत पुन्हा उडाला तर इथेच थांबा. कुठेतरी वायर उघडी पडून बॉडीला लागते आहे. ते शोधणं इलेक्ट्रिशियनचं काम.

३. होल्डर

इथे जरा रेंगाळा, कारण दोष बहुधा इथेच सापडतो.

बल्बच्या मागची रबरी टोपी काढा, तीन पिनांचा होल्डर सरळ मागे ओढा आणि उजेडात नेऊन पाहा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखाद्या पिनेभोवती वितळून गोळा झालाय का, आतली पितळी पट्टी काळी किंवा हिरवी झालीय का, वायर पिनेजवळ कडक होऊन तडकलीय का. नाकाजवळ धरा. जळालेल्या प्लास्टिकचा वास आठवडेच्या आठवडे राहतो.

हे का होतं ते समजून घेतलं तर पुन्हा होणार नाही. साधा एच-४, म्हणजे डिपर-अप्पर दोन्ही एकाच बल्बात असलेला, हॅलोजन डिपरला ५५ आणि अप्परला ६० वॉटचा असतो. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर. कंपनीचा होल्डर, वायर आणि स्विच या हिशेबानं बनवलेले असतात. बाजारात मिळणारा ९०/१०० चा बल्ब लावला की अप्परला ८.३ अँपिअर जातात. करंट दीडपटीहून थोडा जास्त वाटतो, पण जोडावर निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. पितळी पट्टी तापली की तिची स्प्रिंग मरते. स्प्रिंग मेली की पकड सैल होते, सैल जोड आणखी तापतो, आणखी तापला की आणखी सैल होतो. एके रात्री लाइट जातो.

माझ्यासोबत हेच झालं होतं. शहरातल्या एका दुकानात "घाटात चांगला उजेड पडेल" म्हणून मला ९०/१०० बसवून दिले होते. जुलैतली रात्र, रत्नागिरीहून परतताना साखरपा सोडलं, घाट चढायला लागलो आणि धुक्यात उजवी बाजू गेली. उजवी म्हणजे समोरच्याला आपली रुंदी सांगणारी बाजू. समोरून येणाऱ्या ट्रकला आपण एका डोळ्याची मोटरसायकल वाटतो, आणि तो त्या हिशेबानं वळण घेतो. मी जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंडिकेटर चारही बाजूंनी लावले आणि पहाटेपर्यंत थांबलो. सकाळी टोपी काढली तर होल्डर बल्बला चिकटून एकजीव झालेला. तेव्हापासून मी कुणाच्याही गाडीत ५५/६० च्या वरचा बल्ब पाहिला की काढायला सांगतो.

अशा जळक्या होल्डरमध्ये नंतर एलईडी लावला तरी दोष जात नाही. एलईडी कमी करंट घेतो हे खरं, पण मेलेली पट्टी त्याचीही पिन धरू शकत नाही, आणि खड्ड्यागणिक तो लुकलुकतो. लोक मग एलईडीच खराब म्हणून बदलतात.

उपाय: पट्टी नुसतीच काळवंडली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून आत-बाहेर करून साफ करा. सैल असेल तर बारीक सुईनं पट्टीचे ओठ हलकेच आत दाबा. होल्डर परत घालताना कडक बसला पाहिजे. प्लास्टिक वितळलं असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, चिनी मातीचा, म्हणजे सिरॅमिक, वायरीसकट मिळणारा होल्डर आणा. तो उष्णता सोसतो. मात्र त्याची वायर पीळ मारून वर टेप गुंडाळून जोडायची नाही. कोकणातल्या पावसात असा जोड एक हंगामही टिकत नाही. टेपखाली पाणी शिरतं आणि तांब्याची हिरवी भुकटी होते. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा, किंवा हे एवढंच काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. जोड जिथे कापायचा तिथली वायर आतून चकचकीत तांब्याच्या रंगाची असली पाहिजे. काळी निघाली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

गाडी वॉरंटीत असेल तर कापाकापीच्या आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा. कंपनीची वायर कापली की पुढे विजेच्या कुठल्याही बिघाडावर वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.

४. अर्थ

बल्बमधून गेलेला करंट परत बॅटरीच्या मायनसला पोचावा लागतो. तो हेडलाइटजवळ बॉडीला बोल्टनं घट्ट केलेल्या एका काळ्या नाहीतर तपकिरी वायरीतून जातो. तिथे गंज चढला की करंट दुसरी वाट शोधतो. शेजारच्या पार्किंग बल्बमधून, इंडिकेटरमधून, नाहीतर दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा जातो. म्हणून अप्पर दिला की भलताच दिवा मिणमिणतो. हे दृश्य पहिल्यांदा पाहणारा स्विच खराब आहे असं समजतो आणि महागडा स्विच बदलतो. स्विचला हात लावण्याआधी हा एक बोल्ट पाहा.

नवी असेंब्ली बसवताना रंग दिलेल्या पत्र्यावरच अर्थचा बोल्ट मारलेला मी कितीतरी गाड्यांत पाहिला आहे. रंग करंट जाऊ देत नाही. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून कसंबसं भागतं, पाऊस लागला की संपतं. बोल्ट काढा, पत्रा पेपरनं घासून पांढरा करा, वायरीची चकती घासा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस घट्ट केल्यानंतर, वरून. खर्च काहीच नाही, आणि मेहुण्याच्या गाडीचा दोष नेमका हाच होता. बल्ब काढताना-घालताना वायर हलायची, गंजलेला बोल्ट थोडे दिवस टेकायचा आणि परत सुटायचा, म्हणून प्रत्येक नवा बल्ब "पंधरा दिवस चालायचा".

इथे एक इशारा, तो नीट वाचा. बरेच लोक परीक्षा म्हणून होल्डरच्या सामाईक, म्हणजे डिपर-अप्पर दोन्हींना लागणाऱ्या, पिनेपासून बॅटरीच्या मायनसला थेट वायर लावतात. बहुतेक गाड्यांत ते चालतं. पण काही गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, उलटं असतं. सामाईक पिनेला कायम प्लस येतो आणि स्विच डिपर-अप्परचा मायनस जोडतो. तिथे ही वायर लावली की सरळ शॉर्ट. म्हणून आधी होल्डर बल्बमधून काढून, लाइट चालू ठेवून, मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरची, काळी सुई बॅटरीच्या मायनसला आणि लाल सुई प्रत्येक पिनेला लावून पाहा. एच-४ ची वरची आडवी पिन डिपरची असते, बाजूच्या दोन उभ्यांपैकी एक अप्परची आणि एक सामाईक. डिपर आणि अप्पर दोन्ही वेळी बाजूच्या एकाच उभ्या पिनेवर १२ व्होल्ट कायम राहत असतील तर ती प्लस-सामाईक गाडी.

"बाहेरचा एलईडी लावला आणि डिपर-अप्पर गडबडले" या तक्रारीचं मूळही बहुधा इथेच असतं. स्वस्त एलईडी सामाईक पिन मायनस आहे असं धरूनच बनवलेला असतो. अशा गाडीत तो लागतच नाही किंवा उलटा लागतो. आणि अशा काही गाड्यांत मीटरमधला अप्परचा निळा दिवा डिपरच्या फिलामेंटमधूनच आपला रस्ता पूर्ण करतो. एलईडीला फिलामेंटच नाही, म्हणून तो दिवा बंद पडतो. ते वायरिंग बिघडलेलं नाही. गाडीला जुळणारा, दोन्ही पद्धतींवर चालणारा एलईडी घ्या किंवा हॅलोजनवर परत या.

५. मीटर लावून गळती मोजा

साधा मल्टिमीटर घरात असावाच. इंजिन चालू, लाइट चालू, बल्ब होल्डरमध्ये. सैल बाही, ओढणी, गळ्यातलं काही पंख्याजवळ जाऊ देऊ नका. बहुतेक गाड्यांत बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं.

आता लाल सुई बॅटरीच्या प्लसला आणि काळी सुई होल्डरच्या मागून, लागलेल्या फिलामेंटच्या पिनेला. जो आकडा येतो तेवढे व्होल्ट वाटेत हरवताहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एकाच्या वर गेला तर वायर, रिले, स्विच यांपैकी कुठेतरी अडथळा आहे. मग होल्डरची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजा. तिथे ०.२ च्या वर नको. (प्लस-सामाईक गाडीत प्लस मोजायचा तो सामाईक पिनेला, आणि मायनस लागलेल्या फिलामेंटच्या पिनेला.)

दीड व्होल्टनं काय होतं असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार वेगानं पडतो. १३.५ च्या जागी बल्बला १२ च मिळाले तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड जातो. मंद लाइटवर उपाय म्हणून जास्त वॉटचा बल्ब लावणं म्हणूनच उलटं आहे. जास्त करंटमुळे तीच गळती आणखी वाढते.

बंद लाइटवर मोजलेल्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. होल्डर मोकळा असताना वायरीतली एकच बारीक तार शाबूत असली तरी मीटरला १२ दिसतात. ओझं पडलं की खरं काय ते कळतं.

६. रिले आणि वायरिंग किट

दोन्ही बाजू बंद असतील तर रिलेच्या अंगावरचा नंबर पाहा आणि त्याच नंबरचा, उदाहरणार्थ हॉर्नचा, रिले काढून तिथे लावा. लाइट लागला तर रिले गेला.

बाहेरचं रिले-किट चांगलं असेल तर खरंच उपयोगी आहे, कारण करंट थेट बॅटरीहून जातो आणि स्विचवर ताण पडत नाही. पण तीन गोष्टी तपासा. बॅटरीच्या प्लसजवळ, एका वितीच्या आत, फ्यूज आहे का. मुख्य वायर निदान अडीच चौरस मिलिमीटरची आहे का. नुसता जाड प्लास्टिकचा लेप आणि आत केसासारखी तार अशी किटं सर्रास मिळतात. आणि रिले तोंड वर करून बसवलाय का. तसा असेल तर पावसाचं पाणी त्यात साठतं. पिना खाली यायला हव्यात. फ्यूज नसलेलं किट ताबडतोब काढून ठेवा, बाकीचं नंतर पाहा.

गावाकडे गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही याच वेळी टॉर्चनं पाहून घ्या.

७. एलईडी असेल तर

वीस मिनिटांनी मंद होणारा एलईडी बिघडलेला असेलच असं नाही, तो स्वतःला वाचवत असतो. पुढून उजेड थंड वाटला तरी मागचा भाग चांगलाच तापतो. पंखा फिरतोय का ते कान लावून ऐका. धुळीनं अडकला असेल तर ब्रशनं साफ करा. मागची टोपी बसत नाही म्हणून कुणी तिला भोक पाडलं असेल किंवा काढूनच टाकली असेल, तर त्या वाटेनं धूळ आणि पाणी थेट रिफ्लेक्टरवर जातं. रिफ्लेक्टरची चांदी एकदा गेली की असेंब्लीच बदलावी लागते. लांब टोपी वेगळी मिळते, ती घ्या.

लुकलुक होत असेल आणि होल्डर-अर्थ ठीक असतील, तर गाडी पाहा. काही नव्या गाड्यांत, युरोपीय बनावटीच्या जास्त, गाडीचा संगणक हेडलाइटला सलग करंट देत नाही, डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं तोडून-जोडून देतो. हॅलोजनचं फिलामेंट मधल्या क्षणात तापलेलंच राहतं, एलईडी मात्र विझतो. किल्ली फिरवताच चमकून जाण्याचं कारणही तेच. संगणक बल्ब शाबूत आहे का, हे छोटा झटका देऊन तपासतो. यासाठी मिळणारा डिकोडर, म्हणजे वायरीच्या मध्ये बसणारी छोटी डबी, लावता येतो. त्यातला रेझिस्टर बराच तापतो, म्हणून तो प्लास्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला बांधू नका, पत्र्यावर बसवा.

लाइट लावला की रेडिओ खरखरतो, तर दोष ड्रायव्हरचा. त्याच्या वायरीवर फेराइटचं, म्हणजे अशी खरखर अडवणारं, कडं घालून पाहा, नाही थांबलं तर एलईडी बदला.

८. काचेतलं पाणी

गाडी धुतल्यावर किंवा पावसात काचेवर आतून हलकी वाफ येणं आणि लाइट लावल्यावर काही वेळात जाणं हे चालतं. असेंब्ली पूर्ण हवाबंद नसते, तिला श्वास घ्यायला छोट्या नळ्या असतात. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी हलत असेल तर ते चालत नाही. आधी मागची टोपी नीट बसलीय का, नळ्या मातीनं बुजल्यात का ते पाहा. मग काच आणि प्लास्टिकचा सांधा. पाणी कोरडं न करता वरून सिलिकॉन फासू नका, पाणी आतच कोंडलं जातं. बल्ब काढून हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं आधी सुकवा.

९. फोकस

ही तपासणी आपल्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांसाठी जास्त आहे, म्हणून सोडू नका.

सपाट जागा, टायरमध्ये नीट हवा, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं, आणि लाइट वर-खाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीपासून १० मीटरवर. बल्बाच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेनं घ्या. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. मागच्या बाजूचे स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवा.

आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरचा उजेड डाव्या बाजूला थोडा वर चढलेला असतो, कडेचा माणूस आणि पाटी दिसावी म्हणून. बाहेरून आणलेल्या असेंब्लीत कधीकधी उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीची काच येते. तिचा उजेड उजवीकडे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत चढतो, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी ते सुधारत नाही. युरोपीय मानकाच्या काचेवर ओळख सोपी आहे. गाडीसमोर उभं राहिल्यावर आपल्या उजव्या हाताकडे दाखवणारा आडवा बाण असेल तर ती डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी आहे. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीसाठी. शिक्का आहे पण बाणच नाही, तर ती आपल्यासाठी नाही. परत करा.

एलईडी असेल तर त्याचे चिप घड्याळातल्या ३ आणि ९ च्या दिशेला, म्हणजे आडवे हवेत. वर-खाली बसले तर उजेडाला कडच राहत नाही. तसं असूनही भिंतीवर कड अस्पष्ट येत असेल, तर तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला आहे आणि तो एलईडी त्याच्याशी जुळत नाही. अशा वेळी मी लोकांना ५५/६० चा चांगला हॅलोजन आणि साफ वायरिंग यावरच परत आणतो. घाटात आणि धुक्यात त्याचा उजेड मला आजही पुरतो.

इथे थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा

झेनॉन किट असेल. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. जळका वास येतोय पण जागा सापडत नाही. वाटेत पिवळ्या वेष्टणाच्या वायरी किंवा पिवळे प्लग आले, ते बहुधा एअरबॅगचे असतात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत केशरी जाड केबल दिसली. होल्डर, अर्थ, फ्यूज, रिले सगळं ठीक आहे आणि तरी संगणकाकडूनच करंट येत नाही. बल्ब बदलताच येत नाही असा कंपनीचा बंद एलईडी आहे. बंपर उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. यांपैकी काहीही असेल तर पुढे जाऊ नका. आणि दोष सापडेपर्यंत त्या गाडीनं रात्रीचा घाट करू नका.

त्याच्याकडे जाताना "लाइट लागत नाही" एवढंच सांगू नका. कोणती बाजू, डिपर की अप्पर, थाप मारल्यावर लागतो का, पावसात जास्त होतं का, बल्ब अदलाबदल केल्यावर काय झालं, बॅटरीवर किती व्होल्ट आणि होल्डरवर किती, हे कागदावर लिहून द्या. बाहेरून काय काय बसवलं आहे तेही लपवू नका, शोधण्यातला निम्मा वेळ त्यातच जातो. होल्डर बदलला तर जुना मागून घ्या. कोणती पिन वितळली आहे ते पाहिलं की पुढच्या खेपेला टॉर्च आधी कुठे मारायचा ते तुम्हाला कळेल.